‘गोंधळ’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि आपली अभ्यासपद्धती

मराठी विभागांतून दरवर्षी सादर होणाऱ्या प्रबंधिकांमध्ये लोकसाहित्यविषयक लेखनाचे प्रमाण लक्षणीय असते. या लेखनाच्या पहिल्या प्रकरणात विषयवाचक शब्दाची व्युत्पत्ती देण्याचा एक प्रघात पडून गेला आहे. ‘भारूड’, ‘लावणी’, ‘पोवाडा’, ‘गोंधळ’ यांपैकी कोणताही विषय असो. दोन-तीन पृष्ठे व्युत्पत्तीला वाहिली जातात, चार मते एकाखाली एक मांडली जातात आणि ‘वरील सर्व मतांचा विचार करता’ अशा शब्दांनी कोणतेही मत न तपासता परिच्छेद संपतो. मार्गदर्शक त्यावर खूण करतो, परीक्षक त्याकडे दुर्लक्ष करतो आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तीच पृष्ठे उतरवून घेतो. प्रस्तुत लेखकही या साखळीतील एक कडी आहे, हे आरंभीच मान्य करायला हवे.

या प्रघाताबद्दल काही मते मांडण्यासाठी ‘गोंधळ’ हा एकच शब्द येथे निवडला आहे. तो निवडण्याला एक निमित्तही घडले. पदव्युत्तर वर्गात विधिनाट्य हा घटक शिकवीत असताना, ‘गोंधळ या शब्दाचा गडबड हा अर्थ या विधीतील गजरावरून आला’, असे एक वाक्य मी सवयीने बोलून गेलो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे वडील गोंधळी आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “सर, चौक भरताना एक मूठ इकडची तिकडं झाली, तर वडील पुन्हा भरायला लावतात. कोणत्या देवाला कोणत्या क्रमानं बोलवायचं, हेही ठरलेलं असतं. एवढी शिस्त ज्यात आहे, त्याचं नाव बेशिस्तीला कसं पडलं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. होते ते एक पाठ वाक्य. पुढे दिलेला विचार त्या प्रश्नातून सुरू झाला आहे.

१

प्रथम शब्दाच्या आजच्या अर्थक्षेत्राची मांडणी करू. ‘गोंधळ’ हे नाम आज मराठीत निदान चार अर्थांनी वावरते. एक, तुळजाभवानी, रेणुका, अंबाबाई अशा कुलदेवतेच्या प्रीत्यर्थ लग्न-मुंजीनंतर किंवा नवस फेडण्यासाठी गोंधळ्यांकडून करवून घेतला जाणारा विधी. दोन, पुष्कळ माणसांच्या एकत्र बोलण्याने वा हालचालीने होणारा गलबला. सभागृहात गोंधळ होतो तो हा. तीन, व्यवस्थेचा अभाव. परीक्षांच्या वेळापत्रकात गोंधळ होतो तो हा. येथे आवाज असण्याचे कारण नाही. चार, मनाची अनिश्चित अवस्था. ‘वैचारिक गोंधळ’ या पदबंधात आणि ‘गोंधळणे’ या नामधातूत हा अर्थ आहे. गोंधळलेला माणूस बहुधा गप्पच असतो.

दुसऱ्या अर्थापासून चौथ्यापर्यंतची वाट सरळ आहे. बाहेरचा कोलाहल, मग कामातील अव्यवस्था, मग बुद्धीतील संभ्रम असा हा प्रवास स्थूलाकडून सूक्ष्माकडे झाला असावा, असे म्हणण्यास अडचण नाही. ‘सावळागोंधळ’ या सामासिक शब्दात तर कोणाचाच पायपोस कोणाच्या पायात नसलेल्या कारभाराचे चित्र सिद्ध झालेले आहे. खरा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या अर्थांमधला आहे. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, की दोन निराळे शब्द कालांतराने उच्चाराने एक झाले आहेत? आणि एकच शब्द असेल, तर आधीचा अर्थ कोणता?

मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) देवीच्या प्रीत्यर्थ होणारा विधी हा अर्थ आधी येतो आणि गडबड, अव्यवस्था हा अर्थ त्याचा विस्तार म्हणून येतो. या क्रमाने आपल्या मनाची पुढची घडण केली आहे. मूळ अर्थ धार्मिक, नंतरचा अर्थ लाक्षणिक, ही समजूत इतकी रुजली की तिला पुरावा मागण्याची गरज कोणाला भासली नाही. वास्तविक कोशातील अर्थांचा क्रम ही कोशकाराची मांडणी असते. तो अर्थांचा कालक्रम असतोच असे नाही. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी एकोणिसाव्या शतकातील जिवंत भाषा नोंदवीत होते. शब्दाचा सहाशे वर्षांचा इतिहास लिहिण्याचा त्यांचा दावा नव्हता. तो दावा आपण त्यांच्यावर लादला.

२

विधीवरून गडबड हा अर्थ आला, हे मत मात्र केवळ सवयीचे म्हणून टाकून देता येणार नाही. त्याच्या बाजूने दोन बळकट गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट क्रियापदाची. ‘गोंधळ घालणे’ हा प्रयोग दोन्ही अर्थांना समान आहे. कुलाचार म्हणून घरी गोंधळ घालतात आणि मुले वर्गात गोंधळ घालतात. ‘घालणे’ हे क्रियापद विधिवाचक नामांबरोबर येते, जसे पूजा घालणे, दंडवत घालणे. आणि उपद्रववाचक नामांबरोबरही येते, जसे धुमाकूळ घालणे, हैदोस घालणे. ‘उडणे’ आणि ‘माजणे’ मात्र दुसऱ्या अर्थालाच लागतात. विधी कधी ‘उडत’ नाही. क्रियापदांची ही वाटणी अधिक काटेकोरपणे, जुन्या गद्यातील उदाहरणांसह कोणी पाहिली, तर अर्थांतराचा काळ ठरवण्यास मोलाची मदत होईल. एका प्रबंधिकेला पुरेल एवढा हा विषय आहे.

दुसरी गोष्ट समांतर उदाहरणांची. विधीचे किंवा उत्सवाचे नाव कोलाहलाला पडणे ही मराठीत एकाकी घटना नाही. ‘शिमगा करणे’ हा वाक्प्रचार होळीच्या सणातून निघाला. ‘हैदोस’ या शब्दामागे मोहरमच्या मिरवणुकीतील घोष आहे, असे मानले जाते. याच मोहरममधील हसन-हुसेन यांच्या नावांचा शोकघोष इंग्रज शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला, त्याचा अर्थ एतद्देशीयांचा उत्सवी गोंगाट असा लावला, आणि १८८६ मध्ये यूल व बर्नेल यांनी आपल्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिले. छाती पिटून केलेला शोक परक्याला गोंगाट वाटला. अर्थ बदलला तो ऐकणाऱ्याच्या कानात. शोक करणाऱ्याच्या तोंडी शब्द होता तोच राहिला.

गोंधळाच्या बाबतीतही असेच घडले असावे, असे मानण्याचा मोह होतो. विधी रात्रीचा. संबळाचा कडकडाट, झांजांचा खणखणाट, तुणतुण्याची तार, मधूनच देवीच्या नावाचा उदोकार. ज्याच्या घरी चौक मांडला आहे, त्याला यातील प्रत्येक ध्वनीचे स्थान ठाऊक असते. पाटावर धान्याची रास, तिच्यावर कलश, भोवती उसाची वा ताटांची मांडणी, पेटलेली दिवटी. आधी गण, मग गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन केलेले आवाहन, मग पदे, मग नाइकाने लावलेले आख्यान आणि शेवटी आरती. हा क्रम ज्याला दिसत नाही, अशा भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र रात्रभर नुसता आवाज येतो. शब्दाचा दुसरा अर्थ त्या भिंतीपलीकडे जन्मला, असे म्हणता येईल.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हे उत्तर मी देऊ शकलो असतो. ते त्याला आवडलेही असते. त्यात त्याच्या परंपरेचा मान राखला जातो आणि दोष बाहेरच्यांच्या कानावर जातो. शिवाय त्यात एक गोड विरोधाभासही आहे. गोंधळ्यांच्या परंपरेत ‘करपल्लवी’ आणि ‘नेत्रपल्लवी’ या कला आहेत. बोटांच्या वा डोळ्यांच्या खुणांनी एक गोंधळी दुसऱ्याला न बोलता शब्द कळवतो. परभणीच्या राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या गोंधळमहर्षींमुळे या कलांची ओळख नागर समाजालाही झाली. ज्यांच्या नावावरून आपण कोलाहलाला नाव दिले, त्यांनी निःशब्द संवादाची एक पद्धती सांभाळली आहे, हे वाक्य वर्गात टाळी घेणारे आहे.

परंतु टाळी हा पुरावा नव्हे. हे उत्तर संभाव्य आहे, सिद्ध नाही. त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा शेजारच्या भाषेत पडून आहे आणि तो आपण पाहत नाही.

३

त्याकडे वळण्यापूर्वी प्रबंधिकांमधून हमखास येणाऱ्या व्युत्पत्तींचा परामर्श घेतला पाहिजे.

‘गो म्हणजे इंद्रिये, ती जेथे अंध होतात तो गोंधळ’ अशी एक फोड माझ्याकडे आलेल्या एका निबंधात होती. अशा फोडी करणे कीर्तनकाराला शोभते. शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला संस्कृत अर्थ चिकटवणे म्हणजे निरुक्ती नव्हे. ‘गो’ आणि ‘अंध’ यांचा संधी झाल्यास ‘गवंध’ वा ‘गोऽन्ध’ असे काही रूप व्हावे. उरलेल्या ‘ळ’ची वासलात कशी लावायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरी आहे ती कथा. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरांची तार लावून वाद्य केले आणि ते वाजवीत रेणुकामातेला वंदन केले, तेथून गोंधळ सुरू झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ही कथा विधीचे आत्मभान सांगते, वाद्याची प्रतिष्ठा सांगते, रेणुकेशी असलेले नाते सांगते. त्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. शब्दाच्या उगमाबद्दल मात्र ती काही सांगत नाही, आणि तसा तिचा हेतूही नाही. व्युत्पत्तीच्या परिच्छेदात तिला बसवणे हा कथेवरही अन्याय आहे.

तिसरे मत खऱ्या अर्थाने विचारणीय आहे. काकतीय गणपतिदेवाचा गजसेनापती जाय याने १२५३-५४ च्या सुमारास ‘नृत्तरत्नावली’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘गोंडली’ नावाच्या देशी नृत्याची उपपत्ती येते. कल्याण नगरीत भूतमातेच्या उत्सवात भिल्ल स्त्रीच्या वेशात नाचणाऱ्या एका नर्तकीला राजा सोमेश्वराने पाहिले, तिच्या नृत्याने प्रसन्न होऊन त्याने त्या नृत्याला शास्त्ररूप दिले, आणि महाराष्ट्रात भिल्ल स्त्रीला ‘गोंडिणी’ म्हणत असल्यामुळे त्या नृत्याला ‘गोंडली’ हे नाव मिळाले, असा त्याचा आशय आहे. हे कल्याण म्हणजे उत्तर चालुक्यांची राजधानी, आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि राजा बहुधा ‘मानसोल्लास’कार सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६ ते ११३८). देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही नर्तनाध्यायात या नृत्याचा विधी आला आहे. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांमुळे गोंधळाच्या प्राचीनतेचा विचार करताना या नृत्यग्रंथांकडे पाहण्याची दृष्टी मराठी अभ्यासकांना मिळाली.

हा उल्लेख मौल्यवान आहे, यात शंका नाही. बाराव्या-तेराव्या शतकात कल्याण ते देवगिरी या पट्ट्यात, देवीच्या उत्सवाशी निगडित असलेल्या, ‘गोंधळ’शी नामसादृश्य असलेल्या एका नृत्यप्रकाराची त्यातून साक्ष मिळते. तथापि ‘गोंडलीवरून गोंधळ’ हे समीकरण आपण ज्या सहजतेने मांडतो, ती सहजता मान्य करता येत नाही. तिला तीन हरकती आहेत.

एक हरकत ध्वनीची. अंत्य ‘ल’चा ‘ळ’ होणे मराठीच्या स्वभावाला धरून आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत नियमाने ‘ळ’ होतो, हे ज्यूल ब्लॉकच्या ग्रंथापासून आपल्याला ठाऊक आहे. परंतु ‘ंड’चा ‘ंध’ होण्यासाठी मूर्धन्याचा दंत्य व्हायला हवा आणि अल्पप्राणाचा महाप्राण व्हायला हवा. अशी दोन पावले एकदम टाकणारी निर्विवाद उदाहरणे दाखवल्याशिवाय हा बदल गृहीत धरता येणार नाही. मराठीत खंड, दंड, पिंड, तोंड, मुंडके या शब्दांतील ‘ंड’ आजवर शाबूत आहे.

दुसरी हरकत आशयाची. ग्रंथांतील गोंडली हे प्रामुख्याने एकटीने करावयाचे स्त्रीनृत्य आहे. गोंधळ हा पुरुष गोंधळ्यांच्या संचाने करावयाचा विधी आहे. त्यात गायन, निरूपण, आवाहन आणि आख्यान यांना प्राधान्य आहे. नाव जुळले म्हणून वस्तू एक होत नाही.

तिसरी हरकत खुद्द साक्षीदाराबद्दल. जाय सेनापतीने दिलेली उपपत्ती हीसुद्धा एक लोकव्युत्पत्ती आहे. फक्त ती जुनी आहे आणि संस्कृतात आहे. भिल्ल आणि गोंड हे वेगळे समाज आहेत. दरबारातील ग्रंथकाराला ते एकच वाटले, यावरून त्याला ‘गोंड’ या नावाशी शब्द जोडण्याची निकड होती एवढेच दिसते. कदाचित त्या निकडीनेच त्याच्या लेखणीत ‘ड’ स्थिर झाला असेल. जुना पुरावा म्हणजे निर्दोष पुरावा, या समजुतीतून आपण बाहेर पडायला हवे.

४

आता शेजारच्या भाषेकडे वळू. आजच्या कन्नडमध्ये ‘गोंदल’ हा शब्द गडबड, संभ्रम या अर्थाने रोजच्या वापरात आहे. कन्नड वृत्तपत्र उघडावे, तर आपण ज्या ज्या ठिकाणी ‘गोंधळ’ लिहू त्या त्या ठिकाणी तेथे ‘गोंदल’ सापडते. उत्तर कर्नाटकात देवीचा गोंधळ घालणारे ‘गोंदलिग’ आहेत, म्हणजे पहिला अर्थही तेथे आहे. याशिवाय कन्नडमध्ये ‘गोंदण’ असा एक शब्द समूह, जमाव या अर्थाने आहे. (अंगावर गोंदतात त्या मराठी ‘गोंदण’शी त्याचा काही संबंध नाही. नुसत्या सादृश्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, याचे हे घरचेच उदाहरण.)

यावरून काय निष्पन्न होते? सर्वांत सोपा तर्क असा की, कन्नडने ‘गोंधळ’ मराठीतून घेतला आणि बोलीतील सवयीने महाप्राण गाळला. हे शक्य आहे. पण कन्नडला ‘ळ’चे वावडे नाही. मराठीतील ‘ळ’ तसाच स्वीकारण्याची सोय असताना रूढ रूपात ‘ल’ का यावा, हा प्रश्न राहतो. उलट तर्क असा की, जमाव, जमावाचा गलबला या अर्थाचा शब्द दक्षिणेकडून मराठीत आला, मराठीने आपल्या स्वभावानुसार ‘ल’चा ‘ळ’ केला आणि ‘द’ला महाप्राण चढवला. महाप्राणाचा हा बदल अनियमित आहे, हे मान्य करायलाच हवे. तरी येथे एकाच पावलाचे अंतर आहे. ‘गोंडली’पासून दोन पावलांचे होते.

भूगोलही याकडे बोट दाखवतो. तुळजापूर आजच्या धाराशिव जिल्ह्यात, माहूर नांदेड जिल्ह्यात, आणि रेणुका-यल्लम्माचे सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात. गोंधळ्यांच्या ‘कदमराई’ आणि ‘रेणुराई’ या दोन शाखा तुळजापूरच्या भवानीशी आणि माहूरच्या रेणुकेशी निगडित आहेत. म्हणजे या विधीचे हृदयस्थान मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या सरमिसळीच्या पट्ट्यात आहे. जेथे घराघरांत दोन भाषा नांदतात, तेथील शब्दाची व्युत्पत्ती केवळ संस्कृत-प्राकृत-मराठी अशा उभ्या शिडीने शोधणे म्हणजे अर्धे घर कुलूप लावून उरलेल्या अर्ध्यात वस्तू शोधण्यासारखे आहे. तूप, अक्का, अण्णा हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि नात्यांत कोठून आले, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. देवघरातला शब्द आला की मात्र आपली पावले संस्कृतकडे वळतात.

माझा कल पुढीलप्रमाणे आहे. शब्दाच्या बुडाशी ‘जमणे, जमाव’ ही कल्पना असावी. तिच्यातून एकीकडे देवीपुढचे जमणे आणि दुसरीकडे जमावाचा गलबला, असे दोन अर्थ शेजारी शेजारी वाढले असावेत. असे असेल तर गडबड हा अर्थ विधीच्या अर्थाची घसरण नव्हे. दोन्ही अर्थ भावंडे ठरतात. मराठीत याला चांगले समांतर उदाहरण आहे. ‘दंगल’ हा शब्द कोल्हापूर-सांगलीकडे कुस्त्यांच्या जंगी मैदानासाठी अभिमानाने वापरला जातो, आणि तोच शब्द वृत्तपत्रांत जाळपोळीसाठी येतो. कुस्तीच्या दंगलीला नियम असतात, पंच असतात, जोडी लावण्याची रीत असते. म्हणून दुसरी दंगल पहिलीचा अपभ्रंश आहे, असे आपण म्हणत नाही. माणसे मोठ्या संख्येने एकत्र येण्याच्या दोन शक्यता एका शब्दाने धरून ठेवल्या आहेत.

हा कल आहे, निष्कर्ष नव्हे. तो खोडून काढणारा पुरावा यादवकालीन गद्यात किंवा अपभ्रंश वाङ्मयात मिळाला, तर त्याचे स्वागतच होईल. आज हाती असलेल्या साधनांवरून एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, ‘विधीवरून गडबड’ हे विधान पाठ्यपुस्तकात निर्विवाद सत्य म्हणून ठेवण्याजोगे नाही.

५

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही अभ्यासक म्हणतील की, लोककलांच्या नावांना हीन अर्थ येणे ही उच्चवर्णीय नागर दृष्टीची करामत आहे. ‘तमाशा करणे’, ‘भारूड लावणे’, ‘सोंग करणे’, ‘गोंधळ घालणे’ ही यादी त्याचा पुरावा म्हणून दिली जाते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गोंधळी समाजाचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमातींत होतो. रात्रभर गाऊन सकाळी दाराबाहेर उभे राहणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या कलेकडे पांढरपेशा समाजाने कोणत्या नजरेने पाहिले, हे वेगळे सांगायला नको.

परंतु यादी पूर्ण करायला हवी. ‘पुराण लावणे’, ‘नाटक करणे’, ‘पोथी सोडणे’ हे वाक्प्रचारही त्याच मराठीत आहेत, आणि पुराणिकाला कोणी उपेक्षित म्हणत नाही. लांबलेल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या, गर्दी जमवणाऱ्या कोणत्याही प्रयोगाची थट्टा करण्याची भाषेची सवय जातीपेक्षा व्यापक आहे. शिवाय सोळाव्या शतकात एकनाथांनी (१५३३ ते १५९९) गोंधळ, जोगवा ही देवीभक्तांची रूपे घेऊन आध्यात्मिक रचना केल्या. ज्या शब्दाने त्यांच्या श्रोत्यांच्या मनात केवळ गडबडीचे चित्र उभे राहिले असते, तो शब्द त्यांनी परमार्थाच्या आवाहनासाठी निवडला असता काय? म्हणजे निदान त्या काळी विधीचा अर्थ पूर्ण तेजाने जिवंत होता, आणि तो आजही आहे. अलीकडच्या काळात आंदोलक शासकीय कचेऱ्यांसमोर ‘जागरण-गोंधळ’ घालतात, तेव्हा ते दोन्ही अर्थ जाणूनबुजून एकत्र आणतात. देवीला जागे करण्याचा विधी ते झोपलेल्या शासनापुढे मांडतात, आणि आतील कारभाराचा गोंधळ बाहेरच्या गोंधळाने उघडा करतात. सामान्य भाषिकाला दोन्ही अर्थांचे हे भान आहे. ते हरवले आहे ते आपल्या प्रबंधिकांमधून.

सामाजिक आशय शोधणे हे आपले कामच आहे. पण आधी सिद्धान्त आणि मग त्याला साजेशी व्युत्पत्ती, हा क्रम संस्कृताभिमान्यांनी वापरला तेव्हा आपण त्याला नावे ठेवली. तोच क्रम आपण वापरला, तर तो शुद्ध होत नाही.

६

मग करायचे काय? माझ्या मते पदव्युत्तर स्तरावर कोणतीही व्युत्पत्ती मांडताना चार कसोट्या सक्तीच्या कराव्यात. पहिली कालाची : शब्द त्या त्या अर्थाने प्रथम कोठे आढळतो? त्यासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) हाताशी आहे. तो ग्रंथालयाच्या कपाटातून विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला पाहिजे. दुसरी ध्वनीची : सांगितलेला प्रत्येक ध्वनिबदल मराठीतील निदान दोन-तीन निर्विवाद शब्दांत दाखवता येतो काय? तिसरी अर्थाची : एका अर्थातून दुसरा निघाला म्हणताना मधली पायरी दाखवणारी उदाहरणे आहेत काय? चौथी शेजाराची : कन्नड, तेलुगू, गुजराती, कोंकणी, गोंडी या भाषांत हा शब्द किंवा त्याचा सोयरा आहे काय? कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ चा आहे. त्यानंतर द्राविडी भाषांच्या तुलनात्मक कोशाचे मोठे काम झाले. तरी आपले विद्यार्थी त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण आपणच त्यांना ती वाट दाखवत नाही. जेथे चारही कसोट्यांवर उत्तर मिळत नाही, तेथे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असे दोन शब्द लिहावेत, आणि परीक्षकाने त्याबद्दल गुण कापू नयेत. दोन शब्दांचे प्रामाणिक वाक्य उसन्या दोन पृष्ठांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

पाचवी गोष्ट कसोटीत बसत नाही, पण तिच्यावाचून बाकीच्या लंगड्या पडतात. गोंधळी स्वतःच्या विधीबद्दल बोलताना कोणते शब्द वापरतात, याची नोंद आपण केलेली नाही. आपण त्यांची गाणी जमवली, आख्याने जमवली, वेशभूषेची वर्णने लिहिली. चौक चुकला तर ते काय म्हणतात, आवाहनात एखादे दैवत राहून गेले तर त्या चुकीला काय नाव आहे, संबळाचा ठेका विस्कटला तर नाईक साथीदाराला कोणत्या शब्दाने सावध करतो, हे कोणी टिपले आहे? विधीतील अव्यवस्थेसाठी गोंधळ्यांपाशी वेगळा शब्द असेल, तर ‘गोंधळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांच्या घरात कसा राहतो, यावर मोठा प्रकाश पडेल. आणि तेही त्या प्रसंगी ‘गोंधळ झाला’ असेच म्हणत असतील, तर भिंतीपलीकडच्या कानाचा आपला सिद्धान्त तेथेच कोसळेल. दोन्ही शक्यतांना सामोरे जाण्याची तयारी असल्याशिवाय क्षेत्रीय अभ्यासाला अर्थ नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला एवढेच सांगितले, की त्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर चुकीचे असू शकते, आणि खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्याला वाईट वाटले असावे. आपल्या परंपरेची बाजू घेणारे काही ऐकण्याची त्याची अपेक्षा असणार. मी त्याला एक वही दिली आणि वरचे प्रश्न वडिलांना विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणायला सांगितले. नवरात्रानंतर तो पहिली पाने घेऊन आला. त्यांत गाणे एकही नव्हते. वाद्ये जुळवण्यापासून चौक मोडण्यापर्यंतच्या कृतींची नावे होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मी पूर्वी ऐकलेली नव्हती. ती नावे कोशांत शोधण्याचे काम सध्या आम्ही दोघे करीत आहोत.